दृक्प्रत्ययाची कसोटी

आगरदांड्याच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट राजपुरीच्या खाडीचे पात्र कापीत दिघीकडे वळू लागली, म्हणजे उजव्या हाताला, खाडीच्या मुखाशी, पाण्यातूनच उगवल्यासारखा जंजिऱ्याचा कोट दिसू लागतो, आणि सोबतचे बहुतेक प्रवासी त्या कोटाकडे आणि त्यावरच्या कलालबांगडी तोफेच्या आख्यायिकांकडे ओढले जातात. माझे लक्ष मात्र या खाडीत आल्यावर पाण्याच्या रेषेकडे जाते. भरती कुठवर आली आहे आणि ती पूर्ण कधी होईल, हे इथला जुना नाखवा घड्याळाकडे न पाहता सांगतो, आणि त्याला त्याचे गणित विचारले तर तो तिथी सांगतो. तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ निघते : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. ज्या पाऊणकीने एके काळी शाळेतल्या मुलांना घाम फोडला, ती या किनाऱ्यावर होड्या लोटण्याच्या कामी येत असे. नियम स्थूल आहे; खाडी जसजशी आत शिरते तसतसा त्यात फरक पडतो, वाऱ्यानेही पडतो; परंतु त्याची थोरवी ही की दिवसातून दोन वेळा, कोणाच्या हुकमाची वाट न पाहता, समुद्र स्वतः त्याची परीक्षा घेतो, आणि नियम सांगणाऱ्याला त्या परीक्षेपासून पळून जाण्यास जागा राहत नाही.

गणिताने काढलेले उत्तर आणि प्रत्यक्ष घेतलेला वेध यांचा मेळ बसणे, यास आपल्या ज्योतिषशास्त्रात दृक्प्रत्यय म्हणतात. आजच्या कारखान्यांतून सीएमएम या नावाने ओळखले जाणारे त्रिमितीय मापनयंत्र, ते चालविण्यासाठी लिहावे लागणारे प्रोग्रॅम, आणि ते लिहिणाऱ्या माणसास शिकवून त्याची पारख करण्याची पद्धत, हा माझ्या लेखाचा विषय आहे, आणि त्याचा इतिहास स्कॉटलंडपासून किंवा इटलीतील तुरीन नगरापासून सांगण्याचा शिरस्ता आहे. मी तो राजपुरीच्या खाडीपासून सांगू इच्छितो. कारण मोजण्याची रीत लिहून काढणे, ती दुसऱ्याच्या हाती देणे, आणि ती खरी उतरते की नाही याची रुजवात घेणे, ही तिन्ही कामे या किनाऱ्याच्या एका लहानशा पट्ट्यात, आज पाचशे वर्षांहून अधिक काळ, अत्यंत गंभीरपणे झालेली आहेत, आणि त्यांतून निघालेला बोध आजच्या मापनकक्षास जसाच्या तसा लागू पडतो अशी माझी खात्री आहे.

मुरूडच्या उत्तरेस, समुद्राच्या काठी, नांदगाव नावाचे गाव आहे. पुढे जंजिरा संस्थानच्या हद्दीत मोडलेल्या या गावी सोळाव्या शतकाच्या आरंभी केशव दैवज्ञ नावाचे थोर ज्योतिषी राहत होते, आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या पितापुत्रांचा जो गौरव केला आहे, तो वाचताना एक गोष्ट मनावर ठसते ती ही की, केशव दैवज्ञ पोथीवर भागणारे गणिती नव्हते. ते आकाशाचे वेध घेणारे होते, आणि वेधाशी न जुळणारे गणित कितीही प्राचीन असले तरी त्याला दुरुस्ती हवी, हा त्यांचा आग्रह होता. पुत्राने तो वारसा घेतला आणि त्याला अशा एका कौशल्याची जोड दिली की ज्याला आजच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिण्याचे कौशल्य म्हटल्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्या ज्योतिषग्रंथांत सिद्धांतग्रंथ आणि करणग्रंथ असे दोन प्रमुख वर्ग मानतात. सिद्धांतग्रंथात विश्वाची रचना आणि उपपत्ती असते. करणग्रंथात कृती असते. अमुक संख्या घ्यावी, तमुक संख्येने गुणावी, तमुकीने भागावी, शेष बाजूस ठेवावा, शेष अमक्याहून अधिक असल्यास वजाबाकी करावी, अशी आज्ञांची एक मालिका त्यात बांधून दिलेली असते, आणि ती आज्ञाक्रमाने पाळणाऱ्यास उपपत्ती ठाऊक नसली तरी ग्रह सापडतो. गणेश दैवज्ञांनी या आज्ञा इतक्या सुलभ केल्या की त्रिकोणमितीतील ज्या आणि चाप यांची कोष्टके त्यांनी ग्रंथातून काढूनच टाकली. आणि युगारंभापासूनच्या दिवसांची प्रचंड संख्या गणकाच्या पाटीवर मावेना म्हणून सुमारे अकरा वर्षांचे, ४,०१६ दिवसांचे, एक चक्र कल्पून मोठा हिशेब लहान तुकड्यांत वाटून दिला. आज एखादा कसबी प्रोग्रॅमर हजार ओळींचे काम एका लहान उपक्रमात बांधून तो पुनःपुन्हा फिरवितो, तेव्हा तो नांदगावच्या त्या ब्राह्मणाचीच युक्ती नव्या यंत्रावर वापरीत असतो.

परंतु ग्रहलाघवातील जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती सुलभतेची नाही. कोणत्याही एका जुन्या पक्षाचे, म्हणजे गणितसंप्रदायाचे, सर्व ग्रह आकाशाशी जुळत नाहीत असे दिसून आल्यावर गणेश दैवज्ञांनी ज्या पक्षातला जो ग्रह वेधास उतरतो तो तिथून घेतला. चंद्र सूर्यसिद्धांताचा घेतला, पण नऊ कला वजा करून. शनी आर्यपक्षाचा घेतला, पण पाच अंश मिळवून. आणि ही वजाबाकी-मिळवणी त्यांनी गणिताच्या पोटात लपवून न ठेवता श्लोकातच स्पष्ट सांगून टाकली. कारखान्यात ज्याला ‘ऑफसेट मारणे’ म्हणतात ते हेच. भेद इतकाच की तिथे तो पुष्कळदा गुपचूप मारला जातो. नाकारण्याजोगा जॉब उत्तीर्ण व्हावा म्हणून प्रोग्रॅमच्या कुठल्याशा ओळीत दहा मायक्रॉनची मिळवणी करून ठेवायची, ती करणाऱ्या माणसाने नोकरी सोडायची, आणि मागाहून आलेल्याने ती ओळ वर्षानुवर्षे चालवायची, असे घडलेले ज्यांनी पाहिले असेल त्यांना गणेश दैवज्ञांच्या त्या श्लोकाची किंमत सांगावी लागणार नाही. दुरुस्ती करणे हा अपराध नव्हे. ती कुठे केली, किती केली आणि कशाच्या आधारावर केली, याचा दाखला न ठेवणे हा अपराध आहे.

ग्रहलाघव महाराष्ट्रात, गुजराथेत आणि त्याहून दूरवर पंचांगकर्त्यांच्या घरोघर पोहोचला आणि साडेतीनशे वर्षे टिकला. आणि याच यशातून त्याची हानी झाली. कृती इतकी सोपी होती की ती चालविणाऱ्यांस आकाशाकडे मान वर करून पाहण्याची गरज वाटेनाशी झाली. केशव दैवज्ञांनी ज्या वेधांवरून गणित सुधारले ते वेध घेण्याची परंपरा क्षीण झाली, कृती मात्र पिढ्यान् पिढ्या बिनचूक पाठ होत गेली. आणि वर्षाकाठी पडणारे सूक्ष्म अंतर साचत साचत एकोणिसाव्या शतकात गणितागत ग्रह आणि आकाशातला ग्रह यांत डोळ्यांनी दिसण्याजोगा फरक पडला. कृतीत दोष नव्हता, ती पाळणाऱ्यांच्या प्रामाणिकपणातही नव्हता. तिची रुजवात घेणे थांबले होते, एवढेच.

जमिनीच्या मोजणीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने आला आणि वेगळ्या रीतीने सुटला. शिवाजीमहाराजांच्या कारकिर्दीत पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्या चौरसाचा एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर, असा जमिनीच्या मापाचा ठराव झाल्याचे बखरकार सभासदाने नोंदले आहे. हात कोणाचा हा वाद मिटविण्यासाठीच काठी मुक्रर करावी लागते. इंग्रजी अमलातील पाहणी खात्याने तेहतीस फुटांची साखळी आणली, तिचे सोळा आणे पाडले, आणि ती साखळी ज्या चौकोनाच्या चारी बाजूंस बरोबर बसते तो एक गुंठा ठरविला. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो तो या हिशेबाने. त्या खात्याचा शिरस्ता असा होता की मोजणीदाराने मोजलेल्या शेतांपैकी काही शेते वरिष्ठाने स्वतः जाऊन पुन्हा मोजावीत आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास मोजणीदारास जबाबदार धरावे. साताबाराच्या उताऱ्यावर आपण आजही जो विश्वास ठेवतो, त्याच्या मुळाशी ही फेरमोजणी आहे.

आकाश आणि जमीन यांच्या या दोन परंपरा ज्या एका पुरुषाच्या ठायी एकत्र आल्या, तोही याच किनाऱ्याचा. अलिबागच्या दक्षिणेस नागाव आहे, ज्याच्या शेजारच्या आक्षी गावात शके ९३४ चा मराठी शिलालेख सापडला; त्या नागावी १८२५ साली केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे जन्मले. ते मुंबईस शिकू लागले त्या सुमारास कुलाब्याच्या टोकावर, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापलेल्या वेधशाळेत, एल्फिन्स्टन विद्यालयाचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची पद्धतशीर मापने सुरू झाली, आणि किशोरवयीन केरूनाना तिथे साहाय्यक म्हणून रुजू झाले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही या वेधशाळेचा कारभार काही काळ सांभाळला होता, ही गोष्ट त्यांच्या पत्रकारितेच्या तेजात बहुधा झाकली जाते.

या वेधशाळेत माणूस घडविण्याची जी रीत होती तिच्याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. डब्लिनच्या ग्रब या कारागिराने बनविलेली चुंबकमापके, त्यांत टांगलेला चुंबक, त्याचे आंदोलन दुर्बिणीतून पाहून मोजपट्टीवरचा अंक वाचणे, आणि तो तत्क्षणी वहीत लिहिणे, हे काम दर तासास, रात्रंदिवस, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात चालत असे. वाचलेला अंक मागल्या अंकाशी जुळत नाही म्हणून तो सुधारून लिहिण्याची मुभा नव्हती. जे दिसले ते लिहावयाचे, आणि शेजारी तपमान लिहावयाचे, कारण उष्णतेने चुंबकाचे बळ बदलते. जगभर अशा वेधशाळांचे एक जाळेच विणले गेले होते, आणि सर्वांच्या वेधांचा मेळ बसावा म्हणून त्यांचे वेळापत्रक गटिंगेन या जर्मन नगराच्या वेळेवर लावलेले होते, कारण त्या कार्याचा प्रवर्तक, महागणिती कार्ल फ्रीड्रिख गाउस, गटिंगेनला होता. नागावचा मुलगा कुलाब्यास बसून गटिंगेनच्या घटकेवर वेध घेत होता, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. गाउसचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

या शिस्तीची कसोटी १८५९ च्या सप्टेंबरात लागली. केरूनाना तोवर पुण्यास अध्यापक झाले होते. पण वेधशाळेतील निरीक्षक तीच रीत चालवीत होते. २ सप्टेंबर रोजी सूर्यावरील प्रचंड स्फोटाच्या परिणामाने पृथ्वीचे चुंबकत्व खवळले, आणि कुलाब्याच्या निरीक्षकांनी नियमाप्रमाणे तासाचे अंतर सोडून पंधरा-पंधरा आणि पुढे पाच-पाच मिनिटांनी अंक टिपले. ते अंक असंभाव्य वाटावेत इतके घसरले होते. यंत्र बिघडले असे समजून ते खोडून टाकण्याचा मोह कोणासही झाला असता. कोणी खोडले नाहीत. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ होते, त्या वह्यांतील अंकांवरून दाखवून दिले की त्या दिवशी मुंबईस क्षितिजसमांतर चुंबकबल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी उतरले होते; आणि तेव्हापासून महाकाय सौरवादळाचा विचार करणाऱ्या साऱ्या जगास कुलाब्याच्या या आकड्यांचा आधार घ्यावा लागतो. ज्या निरीक्षकांनी ते लिहिले त्यांना आपण काय लिहीत आहोत याची कल्पना नव्हती. त्यांना कसे लिहावे हे शिकविले होते.

केरूनानांनी पुण्यास गेल्यावर १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने नवे पंचांग काढले, आणि नांदगावच्या जुन्या कृतीत साचलेले अंतर युरोपीय वेधांच्या साहाय्याने दूर करण्याचा मार्ग दाखविला. लोकांनी ते पंचांग सहजी स्वीकारले नाही. लोकमान्य टिळकांसारखा शिष्य त्यांना लाभला आणि त्याने या प्रश्नाचा पाठपुरावा पुढे आयुष्यभर केला, हे सर्वश्रुत आहे. माझ्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे की वेधशाळेत शिकलेला हा मनुष्य मराठीत अंकगणित आणि पदार्थविज्ञान लिहीत होता, म्हणजे मापनाचे शास्त्र मातृभाषेत शिकविता येते याचा दाखला त्याने शतकापूर्वीच देऊन ठेवला.

मग विजेच्या ट्रामगाड्यांची चाहूल लागली. मुंबईत त्या धावू लागल्यावर त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची चुंबकमापने बिघडणार हे उघड होते, म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली आणि ती अलिबागेस ठरली. १९०४ साली तिथे लोखंड वर्ज्य करून इमारती बांधल्या गेल्या. यंत्रांची खोली अशी रचली गेली की बाहेर ऊन चढले तरी आतले तपमान जवळजवळ हलू नये. आणि यापुढची गोष्ट तर प्रत्येक कारखान्याच्या गुणवत्ता-अधिकाऱ्याने आपल्या दालनात लिहून लावावी अशी आहे. नवी वेधशाळा तयार झाली म्हणून जुनी लगोलग बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले, दोहोंचा ताळा पाहिला गेला, आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. ट्राम १९०७ साली धावली. आज दीडशेहून अधिक वर्षांची ती अखंड मालिका जगात दुर्मिळ मानली जाते ती या दोन वर्षांच्या सबुरीमुळे.

आता सीएमएमकडे वळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रे भाग इतक्या वेगाने कापू लागली की ते हाताने तपासताना तपासनीस मागे पडू लागले. त्या निकडीतून १९५० नंतरच्या दशकात स्कॉटलंडच्या फेरांटी कंपनीने दोन अक्षांचे यंत्र बनविले, आणि १९६३ च्या सुमारास तुरीनच्या डीईए कंपनीने असे यंत्र बनविले की ज्यात तीन परस्पर-लंब अक्षांवरून एक शलाका फिरते आणि ती जिथे थांबेल तिथले तिन्ही निर्देशांक मिळतात. पुढे कॉंकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातील वाकड्या इंधननळ्या मोजता येईनात म्हणून रोल्स-रॉईसमधील अभियंते डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी स्पर्श होताक्षणी विद्युत्संकेत देणारा प्रोब शोधला, १९७३ साली रेनिशॉ कंपनी निघाली, आणि संगणक जोडला गेल्यावर शलाकेने कोणत्या मार्गाने जावे, कुठे स्पर्श करावा, किती बिंदू घ्यावेत, मिळालेल्या बिंदूंतून वर्तुळ, प्रतल वा दंडगोल कसा सिद्ध करावा, हे सारे आधी लिहून ठेवणे शक्य झाले. हाच प्रोग्रॅम. नव्या युगाचा हा करणग्रंथच होय.

महाराष्ट्रात या कलेचे माहेरघर पुणे. पुरंदर तालुक्यातील नायगावी, बहात्तरच्या दुष्काळानंतर, पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरविता माणशी ठरविणारी पाणीपंचायत ज्यांनी उभी केली ते विलासराव साळुंखे मूळचे सूक्ष्म मापनसाधनांचे कारखानदार होते आणि त्यांच्या उद्योगातून पुढे सीएमएमही तयार होऊ लागली, हे फार थोड्यांस ठाऊक असते. मायक्रॉनचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने पाण्याचा हिशेब मांडावा यात मला नवल वाटत नाही. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात आज अशा यंत्रांवर मराठी मुलेमुली मोठ्या संख्येने काम करतात आणि ‘क्वालिटीवाले’ या नावाने ओळखली जातात.

त्यांना काय शिकवावे लागते हे एका उदाहरणाने सांगतो. छिद्राच्या परिघावर प्रोबने तीन ठिकाणी स्पर्श केला की वर्तुळ मिळते, कारण एका रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंतून एक वर्तुळ जातेच. आणि ते वर्तुळ नेहमी निर्दोष दिसते, कारण चौथा साक्षीदारच बोलावलेला नसतो. बिंदू वाढविले की दोष दिसू लागतो, आणि मग त्या बिंदूंतून एक वर्तुळ ठरवावे कसे हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक प्रोग्रॅम, कोणी काही न सांगितल्यास, गाउसच्या लघुतम वर्गांच्या रीतीने वर्तुळ बसवितात. होय, तोच गटिंगेनचा गाउस. त्याची रीत सरासरी वर्तुळ देते. परंतु त्या छिद्रात जी पिन बसावयाची आहे तिला सरासरीशी कर्तव्य नसते, आतल्या बाजूस आलेल्या उंचवट्याशी असते. म्हणून जोडणीसाठी असलेल्या छिद्रात मावणारे महत्तम वर्तुळ शोधावे लागते, आणि हे यंत्र सांगत नाही; ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसाला तो भाग कशासाठी आहे हे कळले तरच सुचते. तसेच ग्राइंडिंगमधून तीन पाकळ्यांचा होऊन आलेला दांडा मायक्रोमीटरने कुठेही मोजला तरी व्यास सारखाच भरतो आणि तो गोल नसतो. तसेच डेटम, म्हणजे ज्याच्यापासून मोजावयाचे तो आधार : प्रतलावर तीन बिंदू, बाजूवर दोन, टोकावर एक, असा जॉब बांधून घेतल्याशिवाय मोजलेला प्रत्येक अंक अधांतरी असतो, आणि ड्रॉइंगवर पहिला डेटम कोणता हे न पाहता सोयीच्या बाजूवर तीन बिंदू घेतले तर पुढचे सारे बिनचूक गणित चुकीच्या प्रश्नाचे उत्तर ठरते.

आणि तपमान. लांबीचे माप २० अंश सेल्सियसला द्यावे असे १९३१ पासून आंतरराष्ट्रीय संकेताने ठरले आहे. एक मीटर लांबीचा पोलादी भाग दर अंशामागे साडेअकरा मायक्रॉन वाढतो, ॲल्युमिनियमचा सुमारे दुप्पट. कोकणच्या तीस अंशांच्या दुपारी बाहेरून आणलेला पोलादी भाग मापनकक्षात ठेवून लगेच मोजला, तर तो मीटरमागे एकशेपंधरा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून अधिक, मोठा भरेल. कुलाब्याच्या वहीत अंकाशेजारी तपमान लिहिले जाई ते का, हे ज्याला कळले त्याला सीएमएमचा निम्मा धडा कळला.

या कौशल्याची परीक्षा कशी घेतली जाते? यंत्राची परीक्षा तर फार कडक आहे. १९९४ पासून प्रचारात असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रमाणित अशा पाच लांब्या, सात वेगवेगळ्या स्थितींत, प्रत्येकी तीनदा, अशी एकशेपाच मापने घेऊन यंत्र दाव्यास उतरते की नाही हे ठरते. माणसासाठी जर्मनीत, गाउसच्या जन्मगावी ब्राउनश्वाइग येथे, या शतकाच्या आरंभी यंत्रनिर्मात्यांनी एकत्र येऊन ऑकॉम नावाची संस्था काढली आणि कोणा एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला न बांधलेले, पायरीपायरीचे शिक्षण आणि परीक्षा सुरू केल्या, हे योग्य झाले. परंतु आपल्याकडे सर्रास जी पारख होते ती वेगळी असते. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी अशी परीक्षा पाहिली : अर्ध्या तासात पडद्यावर चाळीस प्रश्न, कोणत्या आज्ञेने काय होते, कोणती खिडकी कुठे उघडते, दोघे जण उत्तम गुणांनी उतरले, आणि दुसऱ्या दिवशी एकाच जॉबच्या एकाच छिद्राचे माप दोघांच्या प्रोग्रॅममधून वीस मायक्रॉनांनी वेगळे आले, तेव्हा दोघेही यंत्राकडे पाहू लागले. त्या मुलांना मी दोष देत नाही. कृती पाठ असलेल्यांना आकाश दाखविलेच नव्हते.

माझ्या मते प्रगत प्रोग्रॅमरच्या परीक्षेचा नमुना या किनाऱ्यानेच घालून दिला आहे. ज्याची खरी मापे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आधी काढून लखोट्यात बंद ठेवली आहेत असा एक भाग उमेदवारास द्यावा, सोबत ड्रॉइंग द्यावे, आणि त्याने प्रोग्रॅम लिहून काढलेली मापे, अनिश्चिततेच्या आकड्यासह, लखोटा उघडून ताडून पाहावीत. हा समुद्राचा न्याय. भाग दुसऱ्या दिशेने बांधून, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच्या हातून तोच प्रोग्रॅम चालवावा. ही अलिबाग-कुलाब्याची दोन वर्षे. प्रोग्रॅममधील प्रत्येक दुरुस्तीचे कारण त्यातच लिहिलेले असावे आणि परीक्षकाने ते विचारावे. हा गणेश दैवज्ञांचा श्लोक. शिवाय एखाद्या ड्रॉइंगमध्ये डेटमचा उल्लेख मुद्दाम गाळावा, प्रोबच्या एखाद्या स्टायलसचे, म्हणजे स्पर्श करणाऱ्या शलाकेचे, टोक झिजलेले द्यावे, आणि जो उमेदवार ‘या स्थितीत मी माप देऊ शकत नाही’ असे लेखी सांगेल त्याला पूर्ण गुण द्यावेत. खोडाखोड न करणाऱ्या त्या १८५९ च्या निरीक्षकांचा वारस तोच.

दिघीच्या बाबतीत ही गोष्ट निकडीची आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने देशात मंजूर केलेल्या बारा औद्योगिक क्षेत्रांत दिघी बंदराच्या नावाचे, सुमारे सहा हजार एकरांचे क्षेत्र आहे, आणि जिथे नाखवे तिथी मोजतात त्या खाडीच्या मागल्या डोंगरांआड उद्या मापनकक्ष उभे राहतील. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तळा या तालुक्यांतील मुलांनी त्या कक्षांच्या बाहेर माल उतरवीत उभे राहावयाचे की आत प्रोबसमोर बसावयाचे, हे कारखाने आल्यावर ठरत नसते, आधी ठरते. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ या जिल्ह्यातच आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्था नव्या पनवेलीस आहे, आणि अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे. या तिघांनी मिळून मराठीतून शिकविणारा आणि लखोट्यातील भागावर परीक्षा घेणारा एक वर्ग या खाडीच्या काठी उघडावा, आणि त्याची पहिली सहल नांदगावास न्यावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.